मला फक्त रायटर हवा होता

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी सतारमेकर गल्लीतले एक काका दुकानात आले. तंबोरे करण्यात त्यांची सगळी हयात गेलेली. पिशवीतून त्यांनी जुन्या गवसणीच्या कापडात गुंडाळलेला एक लहानसा लॅपटॉप काढला आणि माझ्या टेबलावर अलगद ठेवला, ते वाद्य ठेवतात तसा. मुलाने नवा घेतला होता आणि हा वडिलांना देऊन टाकला होता.

"ताई, ह्यात पत्रापुरतं काहीतरी टाकून द्या. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना कोटेशन पाठवायचं असतं. दर वेळी तुम्हाला कशाला त्रास? बाकी काही नको मला."

मिरजेत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. गोदरेजच्या टाइपरायटरवर मराठी चाळीसची, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा देऊन मी या धंद्यात आले, तेव्हापासून लोकांचं मॅटर टाइप करते आहे. प्रतिज्ञापत्रं, दावे, प्रश्नपत्रिका, संस्थांच्या सभेच्या नोटिसा, लग्नाच्या याद्या. दुकानात जे येतं त्यात दहातली आठ कामं पत्राच्या जातीची असतात. त्यामुळे "बाकी काही नको" हे वाक्य मला फार ओळखीचं आहे. शिक्षक म्हणतात, वकिलांचे कारकून म्हणतात, बचतगटाच्या बायका म्हणतात. आणि तरी प्रत्येकाच्या मशीनमध्ये आपण सगळा संसार भरून देतो.

काकांच्या लॅपटॉपची एकूण जागाच ३२ जीबी. त्यातली बहुतेक विंडोजने आणि त्याच्या अपडेट्सनी व्यापलेली. चार जीबीसुद्धा मोकळी नव्हती. अशा स्वस्त लॅपटॉपमध्ये डिस्क बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, काढून मोठी घालायची सोय नसते. म्हणजे जी जागा आहे ती जन्माला पुरवायची.

मी लिबरऑफिसचा, म्हणजे ऑफिसच्या कामांच्या एका प्रोग्राम-संचाचा इन्स्टॉलर काढला. तो विनामूल्य आहे, युनिकोड मराठी त्यात नीट चालतं, आणि बसवताना 'कस्टम' हा पर्याय निवडला की काय हवं, काय नको ते विचारतो. रायटर, कॅल्क, इम्प्रेस, ड्रॉ, बेस, मॅथ अशी यादी समोर आली. म्हणजे लिहिणं, हिशोब, सादरीकरण, चित्रं, डेटाबेस आणि गणिताची सूत्रं. मी एकेकावर लाल फुली मारत गेले. फक्त रायटर ठेवला. काका खुर्ची ओढून शेजारी बसून बघत होते. प्रत्येक फुलीला त्यांची मान हलत होती.

पूर्ण लिबरऑफिसला विंडोजवर दीड जीबीपर्यंत जागा लागेल असं धरायला सांगतात. सहातले पाच भाग काढले तर निदान अर्धी जागा वाचेल अशी माझी समजूत. बसवून झाल्यावर मोकळी जागा पाहिली आणि मी पुन्हा पुन्हा आकडे बघत राहिले. वाचलेली जागा अगदीच किरकोळ होती.

संध्याकाळी भाच्याला फोन केला. तो पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. मी विचारलं, असं कसं? पाच गेले तरी वजन तेवढंच?

"अगं आत्या, ते सहा वेगळे प्रोग्राम नाहीतच. एकच आहे. तू एक काम कर. दुकानातल्या मशीनवर रायटरची एक फाइल उघड, कॅल्कची एक उघड, आणि टास्क मॅनेजरमध्ये जाऊन तपशील बघ."

बघितलं. खिडक्या दोन, पण चालणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत दोन्हींचं काम करणारा एकच: सॉफिस डॉट बिन. अक्षरं पडद्यावर काढणं, फाइल वाचणं आणि लिहिणं, प्रिंटरशी बोलणं, मेनू, फाँट, स्पेलिंग तपासणं, पीडीएफ करणं, हे सगळं त्या एकाच गाभ्यात असतं. कॅल्क किंवा इम्प्रेस म्हणजे त्या गाभ्यावर चढवलेला पातळ थर. लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीवर, तर हे उघड दिसतं, कारण तिथे पॅकेजं खरोखरच वेगळी केलेली आहेत: कोअर, कॉमन, रायटर, कॅल्क, इम्प्रेस. बहुतेक वजन पहिल्या दोघांत. इम्प्रेस काढून टाकलं तर मोकळी होते ती जागा मोबाइलमधल्या दोन-चार फोटोंएवढी. आणि एकमेकांच्या आवृत्त्या तंतोतंत जुळाव्या लागतात. जुना रायटर आणि नवा कॅल्क असा जोड लागत नाही, कारण दोघांच्या खालचा गाभा एकच.

आमच्या घराजवळच्या गिरणीत असंच आहे. मोटार एक, तिच्या पट्ट्यावर गव्हाचं जातं, ज्वारीचं वेगळं, उन्हाळ्यात मिरचीचं कांडप. मिरचीचं यंत्र उचलून बाहेर ठेवलं तरी मोटारीची जागा मोटारीला लागणारच. आणि मोटार बंद पडली की सगळंच बंद पडतं. इथेही एका खिडकीतली जड फाइल अडकून तो एकमेव प्रोग्राम बंद पडला तर बाकीच्या खिडक्याही मिटतात, मग पुन्हा उघडल्यावर फाइली परत मिळवायची यादी समोर येते.

भाच्याचं म्हणणं असं की, मग वेगळं वेगळं बसवायचा आग्रह कशाला? जागा वाचत नाही, सगळं एकदम बसवावं आणि विसरून जावं. जाणकार मंडळी बहुतेक हेच उत्तर देतात आणि तांत्रिकदृष्ट्या त्यात चूक काही नाही.

मला ते पटत नाही. गिरणीवाल्याची मोटार एक आहे म्हणून गहू दळायला गेलेल्या बाईच्या डब्यात मिरचीची पूड कोणी ओतत नाही. काकांनी माझ्याकडे जागा मागितलीच नव्हती. जागेचा हिशोब मी केला. त्यांनी मागितलं होतं ते एवढंच की, समोर एकच गोष्ट दिसावी आणि ती पत्राची असावी. साठी ओलांडलेल्या, इंग्रजी अडखळत वाचणाऱ्या माणसापुढे सहा सारखी दिसणारी चित्रं ठेवली की तो रोज एकदा तरी चुकीचं उघडतो. मी हे दुकानात इतक्यांदा पाहिलं आहे! अर्ज लिहायचा म्हणून कॅल्क उघडतात, चौकोनाचौकोनात एकेक ओळ भरत जातात, प्रिंट मारताना मजकूर दोन पानांत तुटतो, आणि मग "मला हे जमायचं नाही" म्हणून मशीन मिटवून ठेवतात. त्यांना जमत असतं. चुकीच्या दाराने आत गेलेले असतात, एवढंच.

म्हणून मी वेगळ्या बसवणीच्या बाजूची आहे. गाभा एक ठेवा, माझी काही हरकत नाही. दारं मात्र वेगळी द्या, आणि कुठलं दार उघडायचं ते ज्याचं घर त्याला ठरवू द्या.

हे अशक्य नाही, कारण पूर्वी एकदा ते झालेलं आहे. लिबरऑफिसचं मूळ जर्मनीतल्या ल्युनेबुर्गमध्ये आहे. तिथे मार्को ब्योरिस नावाच्या शाळकरी वयाच्या मुलाने १९८५ साली स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली आणि स्टाररायटर हा नुसता लिहिण्याचा प्रोग्राम केला. म्हणजे सुरुवात एकट्या रायटरनेच झाली! बाकीची भावंडं मागून आली आणि स्टारऑफिस हा संच झाला. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने तो विकत घेतला, २००० मध्ये त्याचा कोड खुला केला. त्या सुमाराचं स्टारऑफिस ५.२ मी एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून बसवून पाहिलं होतं. उघडलं की अख्खा पडदा व्यापायचं. त्याचा स्वतःचा डेस्कटॉप, स्वतःचं स्टार्ट बटण, आणि सगळी कागदपत्रं त्या एकाच मोठ्या खिडकीच्या पोटात. विंडोजच्या आत आणखी एक विंडोज. पुढे त्या खुल्या कोडातून ओपनऑफिस झालं तेव्हा तो डेस्कटॉप काढून टाकला आणि प्रत्येक कागद आपापल्या खिडकीत उघडू लागला. गाभा तोच राहिला, दारं वेगळी झाली. २०१० साली त्यातून लिबरऑफिस फुटून निघालं, तेही याच वाटेने आलं आहे. मग आणखी दोन पावलं पुढे जायला काय हरकत आहे?

इतरांकडे गाडी उलटसुलट गेलेली दिसते. ॲपलने २०११ च्या जानेवारीत मॅकसाठी ॲप स्टोअर उघडलं तेव्हा पेजेस, नंबर्स आणि कीनोट हे लिहिण्याचे, हिशोबाचे आणि सादरीकरणाचे प्रोग्राम सुटे विकायला ठेवले, प्रत्येकी वीस डॉलरला. त्याआधी तिन्हींचा डबा एकत्र घ्यावा लागायचा. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सीड्यांमध्ये बसवताना झाडासारखी यादी यायची, एकेक फांदी निवडता यायची. नंतर आलेल्या क्लिक-टू-रन पद्धतीत घरच्या माणसाला काही विचारत नाहीत, सगळं एकदम बसतं. नको असलेलं वगळायला एक वेगळं साधन उतरवून एक्सएमएल या संगणकी भाषेत सूचनांची फाइल लिहावी लागते. कचेरीतल्या संगणक विभागाला हे जमेल, बचतगटाच्या अध्यक्षबाईंना नाही. अँड्रॉइडवर वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट ही ॲपं सुटी होती, मग २०२० मध्ये तिन्ही पोटात घेणारं एकच ॲपही आलं. म्हणजे मोठमोठ्यांनाही अजून एक उत्तर सापडलेलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण ती मी स्वतः भोगली आहे.

दुकानातल्या दोन मशीनपैकी एक लिनक्सवर आहे. ते बसवलं तेव्हा मीच भाच्याला बजावून सांगितलं होतं की रायटर आणि कॅल्क एवढंच टाक, पसारा नको. काही महिने झकास गेले. मग एका गृहनिर्माण संस्थेचे सेक्रेटरी वार्षिक सभेच्या नोटिसा घेऊन आले. सभासद एकशे चाळीस, प्रत्येकाचं नाव, फ्लॅट नंबर आणि थकबाकी वेगळी. यादी त्यांच्या पेनड्राइव्हवर तयार होती. हे तर मेल मर्जचं, म्हणजे एकाच पत्रात यादीतली नावं आपोआप भरण्याचं काम, अर्ध्या तासाचं. मी मजकूर टाइप केला, जागा सोडल्या आणि यादी जोडायला गेले, तर ती काही जोडली जाईना. फाइल उघडून पाहिली तर ठणठणीत. पुन्हा जोडली, नाव बदलून जोडली, दुसऱ्या फोल्डरमधून जोडली. दीड तास गेला. सेक्रेटरी दोनदा चहा पिऊन आले.

शेवटी फोन. भाच्याचा पहिलाच प्रश्न: "बेस टाकलेलं नाहीये ना आपण?"

बेस म्हणजे डेटाबेसचा भाग. मी जन्मात कधी वापरलेला नाही, म्हणून नको म्हटलेला. पण पत्रात यादीतली नावं ओतायची तर रायटरला मधल्या कामासाठी तो लागतो. आणि यादी कॅल्कच्या फाइलमध्ये असेल तर कॅल्कही हवं. हे दोन्ही असतील तेव्हा 'फक्त लिहिण्याचं' ते काम पार पडतं. बेस टाकला आणि पुढच्या वीस मिनिटांत एकशे चाळीस नोटिसा प्रिंटरमधून बाहेर पडत होत्या. पण सेक्रेटरींचा गेलेला दीड तास मी परत देऊ शकले नाही, आणि त्या दिवसाची टोचणी माझ्या मनातून गेलेली नाही.

त्यानंतर मी वही घातली. कुठल्या भागाशिवाय काय अडतं ते एकेक करून स्वतः तपासून लिहिलं. मॅथ नसेल तर गणिताच्या प्रश्नपत्रिकेतलं वर्गमूळ किंवा अपूर्णांक दुरुस्त करता येत नाही, शिक्षकाने मूळ फाइल आणली तरी. ड्रॉ नसेल तर पीडीएफ उघडून त्यातला एखादा शब्द बदलण्याची वाट बंद, कारण पीडीएफ ड्रॉमध्ये उघडते. कॅल्क नसेल तर पत्राच्या मधोमध बसवलेला हिशोबाचा तक्ता नुसता चित्रासारखा दिसतो, त्यावर डबल क्लिक करून आकडा बदलता येत नाही. बेसच्या काही कामांना तर जावा हा आणखी एक वेगळा प्रोग्रामही लागतो, म्हणजे जिथे खरोखर काही वजन वाढतं ते इथेच.

यातलं काहीही बसवण्याच्या त्या खिडकीत लिहिलेलं नसतं. तिथे असतात फक्त नावं. रायटर, बेस, मॅथ. हे कामाचे शब्द नाहीत, मालाची नावं आहेत. ज्याला माल माहीत नाही त्याने निवड कशी करायची? सगळं एकदम बसवा म्हणणारे नेमकं इथेच बोट ठेवतात: लोकांना निवडायला दिलं तर ते चुकीचं वगळतील आणि मग अडतील. अडतात, हे खरं आहे, मीच अडले. पण म्हणून निवड काढून घ्यायची? मेडिकलमध्ये औषधाच्या पुडीवर सकाळ-संध्याकाळच्या खुणा करून देतात. माणसाला वाचता येत नाही म्हणून सगळ्या गोळ्या एकदम घ्या, असं कोणी सांगत नाही.

माझी मागणी अगदी साधी आहे. बसवताना विचारा, पण कामाच्या भाषेत विचारा. 'पत्रं आणि अर्ज लिहायचे आहेत.' 'हिशोब ठेवायचा आहे.' 'एकच पत्र अनेकांना नावं घालून पाठवायचं आहे.' 'गणिताची सूत्रं लागतात.' ज्यावर खूण केली त्याला जे जे लागेल ते मागच्या मागे बसू द्या, बेस असो की आणखी काही, पण त्याचं चित्र माझ्या मेनूत आणू नका. आणि एखाद्यावर मी फुली मारली तर तिथल्या तिथे एक ओळ दाखवा: हे काढलंत तर अमुक अमुक चालणार नाही. मराठीत दाखवा. मेनूचं मराठी भाषांतर लिबरऑफिसमध्ये आहे, भाषेचा पॅक लिनक्सवर सुटा घेता येतो, विंडोजवर बसवताना भाषा निवडता येतात. भाषेच्या बाबतीत सुटं सुटं देणं जमतं, तर कामाच्या बाबतीतही जमेल.

आणखी एक. मागाहून एखादा भाग घालायचा झाला तर तो सहज घालता यावा. फार पूर्वी मी वापरलेल्या एका ऑफिस संचात 'पहिल्यांदा लागेल तेव्हा बसवू' अशी सोय होती. कल्पना उत्तम होती, पण लागायची वेळ आली की तो सीडी मागायचा, आणि सीडी गिऱ्हाइकाच्या कपाटात कुठल्या तरी साडीखाली. आता सीडी गेली, इंटरनेट आलं. पण विंडोजवर असा भाग मागाहून घालायला मूळ इन्स्टॉलरची फाइल हाताशी असलेली बरी, म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मशीनवर कुठली आवृत्ती टाकली ते लिहून ठेवते आणि ती फाइल माझ्या पेनड्राइव्हवर जपते.

त्याचा उपयोग लवकरच झाला. दिवाळीनंतर काका पुन्हा आले. पत्रं छान चालली होती. दोन बोटांनी टाइप करून चार कोटेशनं त्यांनी स्वतः पाठवली होती, आणि मायना, समास, तारीख सगळं जागच्या जागी होतं. पण पुण्याच्या एका संगीत विद्यालयाने दहा तंबोऱ्यांची मागणी एक्सेलच्या फाइलमधून पाठवली होती. कुठला स्वर, किती लांबी, कुठल्या रंगाचं पॉलिश, सगळं तक्त्यात. फाइलवर क्लिक केलं की विंडोज विचारत होतं, कशाने उघडू?

"ताई, मी नको म्हटलं होतं तेच आता लागायला लागलं बघा."

मी म्हटलं, "काका, तेव्हा नको होतं, आता हवं आहे. त्यात काय झालं?"

पेनड्राइव्ह लावला, इन्स्टॉलर पुन्हा चालवला, 'मॉडिफाय' निवडून कॅल्कवरची फुली काढली. वेळ फार लागला नाही. फाइल उघडली तेव्हा काका वाकून एकेक ओळ वाचत होते आणि हाताच्या बोटांवर मोजत होते की, भोपळे किती लागतील, घरात किती वाळवलेले आहेत.

मग मी डेस्कटॉपवर दोन्हींचे शॉर्टकट ठेवले आणि त्यांची नावं बदलायला घेतली. पहिल्याचं आधीच 'पत्र' करून दिलेलं होतं. दुसऱ्याचं काय ठेवू, म्हणून विचारलं. मला वाटलं होतं 'हिशोब' म्हणतील. ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"ऑर्डरवही लिहा," म्हणाले.

तसं लिहिलं. काकांनी झाकण मिटवलं, लॅपटॉप गवसणीच्या कापडात गुंडाळला आणि नाडीची गाठ मारली.